मोडीत काढण्याचा इतिहास

वाशीम हे वाकाटकांच्या एका शाखेच्या राजधानीचे ठिकाण. त्या काळी त्याचे नाव वत्सगुल्म होते. या शाखेतील दुसरा विंध्यशक्ती याने दिलेल्या दानाचा ताम्रपट १९३९ साली वाशीम येथे सापडला. त्यातील मजकूर काही संस्कृतात, काही प्राकृतात आहे. चौथ्या शतकातील हे पत्रे आजवर टिकले, याचे एक कारण तांबे कुजत नाही. दुसरे कारण, ते कुणाच्या भट्टीत गेले नाहीत. गेले असते तर त्यांचे लोटे झाले असते आणि आपल्याला ते कळलेही नसते.

तांबे पुन्हा पुन्हा वितळवता येते. आपल्या बाजारपेठेतील 'मोड' या व्यवहाराचा आधार हाच गुण होता. फुटकी घागर, चेपलेले पातेले तांबटाच्या किंवा कासाराच्या दुकानी न्यायचे, तो ते तोलायचा, घट वजा करायचा आणि उरलेली रक्कम घेऊन नवे भांडे द्यायचा. 'मोडीत काढणे' हा वाक्प्रचार आपण आजही वापरतो. हा व्यवहार चालला, कारण भांड्यात धातू एक, फार तर दोन-तीन. त्याची किंमत घरातल्या बाईलाही ठाऊक. आणि मागे विषारी असे फारसे काही उरत नसे.

भारतातील मोबाईलवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्यामध्ये झाले. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला. म्हणजे जिल्हा आणि मोबाईल जवळपास एकाच वयाचे! एवढ्या काळात घरोघरी दोन-चार बंद फोन कपाटात साठले. त्यांचे करायचे काय, या प्रश्नाला आपण सवयीने जुनेच उत्तर देतो : भंगारवाल्याला द्यावे. हे उत्तर इथे का चालत नाही, ते पाहू.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात एका फोनमधील धातूंचा अंदाज दिला होता : तांबे सुमारे ९ ग्रॅम, चांदी पाव ग्रॅम, सोने २४ मिलिग्रॅम. म्हणजे साधारण ४१-४२ फोनमध्ये मिळून एक ग्रॅम सोने. सोन्याच्या खनिजात टनामागे काही ग्रॅमच सोने असते. त्या मानाने फोन ही श्रीमंत खाणच. पण हे धातू चाळीसहून अधिक मूलद्रव्यांच्या गर्दीत, प्लॅस्टिक आणि काचेच्या थरांत विखुरलेले असतात. जुन्या फोनच्या डाखात शिसेही असे. भांडे वितळवावे तसा फोन वितळवता येत नाही.

ते तसे करू गेल्यास काय होते, हे मुरादाबादने पाहिले. हे शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध. धातू वितळवण्याचे कसब पिढीजात होते. त्या कसबापुढे आता परगावाहून येणारे सर्किटचे तुकडे आले. ते उघड्यावर जाळून आणि आम्लात बुडवून तांबे, सोने काढण्याचा धंदा तेथे वाढला. धूर माणसांच्या छातीत आणि काळी राख रामगंगेच्या काठी गेली. २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाला त्यात लक्ष घालावे लागले. कारागिरांचा हेतू वाईट नव्हता. जुनी रीत नव्या वस्तूला लागू पडली नाही, एवढेच.

म्हणून कायद्याने वाट बदलली. भारतातील ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम १ मे २०१२ पासून लागू झाले. जुनी वस्तू परत गोळा होण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकावर टाकली. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार उत्पादकाने नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्रांमार्फतच हे काम करून घ्यायचे आहे. तिथे विजेरी आधी वेगळी काढतात आणि धूर, आम्ल बंदिस्त ठेवून धातू काढतात.

मात्र मोडीपूर्वी दुरुस्ती ही आपली रीत इथेही लागू पडते. तांबटाकडे जाण्याआधी आपण कल्हईवाल्याला बोलावत होतो. चालू स्थितीतला फोन दुसऱ्याच्या उपयोगी पडणे सर्वांत चांगले. २०२० साली शाळा बंद असताना घरात फोन नाही म्हणून किती मुलांचा अभ्यास थांबला, हे शिक्षकांना सांगायला नको. पण दान म्हणजे अडगळ दुसऱ्याच्या दारी टाकणे नव्हे. सिमकार्ड व मेमरी कार्ड काढावे, खाती बंद करून सर्व माहिती पुसावी, विजेरी टिकते का पाहावे, चार्जरही द्यावा.

वर्गात एक पाहणी करता येईल. मुलांनी घरातील बंद फोनची यादी करावी : किती चालू होतात, किती दुरुस्त होतील, किती निकामी आहेत. फोन उघडून पाहू नयेत; फुगलेली विजेरी टोचली गेल्यास पेट घेते. पहिल्या दोन गटांतील फोनसाठी गरजू मूल शोधावे. निकामी फोन मात्र कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा अधिकृत संकलन केंद्रात द्यावेत. वाशीम, कारंजा, रिसोडसारख्या गावांतून एकेका फोनसाठी असे केंद्र गाठणे परवडत नाही. शाळेने साठवलेले तीस-चाळीस फोन एकदम पाठवणे परवडते. पूर्वी हे गोळा करण्याचे काम बाजारपेठ आपोआप करी. आता ते कुणीतरी ठरवून करावे लागेल आणि गावोगावी पोहोचलेली संस्था म्हणजे शाळा.