धुळीतले शिक्षक

मुलांनीच मुलांना शिकवावे, ही कल्पना आज प्रशिक्षणवर्गांत ‘सहाध्यायी अध्यापन’ या भारदस्त नावाने सांगितली जाते. तिचा इतिहास मात्र धुळीतला आहे. १६२३ मध्ये पिएत्रो देल्ला वाल्ले या इटालियन प्रवाशाने कर्नाटकातील इक्केरी येथे देवळात चार मुले पाहिली. वाळूवर बोटाने आकडे लिहीत, सुरात म्हणत ती गणित घोकत होती. गुरुजी जवळ नव्हते. चुकलात तर सुधारणार कोण, असे त्याने विचारले. चौघेही एकाच ठिकाणी चुकणे शक्य नाही, असे उत्तर मिळाले. शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत याहून नेमका खुलासा माझ्या वाचनात नाही.

आपल्या पंतोजींकडेही धूळपाटी होतीच. मद्रासला १७८९ पासून सैनिकांच्या अनाथ मुलांचा आश्रम सांभाळणाऱ्या अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाने देशी शाळेत वाळूवरचे लेखन पाहिले. हाताखालच्या शिक्षकांनी ती रीत मनावर घेतली नाही, तेव्हा त्याने मुळाक्षरांचा वर्ग जॉन फ्रिस्कन या आठ वर्षांच्या मुलाकडे सोपवला. आणि वर्ग शिकला! बेलने वाळूचे ऋण मानले, मुलांकरवी शिकवण्याची युक्ती मात्र स्वतःची म्हटली. बेल्लारीचे कलेक्टर कॅम्पबेल यांनी १८२३ च्या अहवालात मात्र ही देशी पद्धत इंग्लंडने उचलल्याचे नोंदवले. मला कॅम्पबेल अधिक पटतात.

बेलचे पुस्तक १७९७ मध्ये लंडनला निघाले. तिकडे जोसेफ लँकेस्टरने शेकडो मुलांमागे एक शिक्षक ठेवून शाळा चालवली. हुकूम, रांगा, बक्षिसे, शिक्षा: शाळेचे यंत्र झाले. स्वस्ताई हाच हेतू झाला, की शिकवणारे मूल बिनपगारी नोकर ठरते.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या शाळेला हा भेद विसरून चालणार नाही. पहिलीत येणाऱ्या कित्येकांच्या अंगणात वेगळीच भाषा बोलली जाते. ‘चहा’तला ‘च’ आणि ‘चाका’तला ‘च’ यांतले अंतर तिसरीतली मुलगी क्षणात म्हणून दाखवते. आम्हाला त्यासाठी व्याकरण आठवावे लागते. “मुलीला शिकायला पाठवतो, शिकवायला नव्हे,” असे पालक म्हणतात, तेही रास्तच. म्हणून शिकवणीचा वेळ वीसच मिनिटे, जोड्या दर पंधरवड्याला बदलतात, आणि बाई वर्गातच असतात. गेल्या वर्षी अक्षरे गिरवणारी मुले यंदा शेजारच्याची पाटी तपासत आहेत.