खिद्रापूर आणि कोप्पेश्वर : नावांचा शोध

कृष्णेच्या वळणावर वसलेल्या आपल्या गावाचे नाव खिद्रापूर आणि देवाचे नाव कोपेश्वर. गावावरून देवाला किंवा देवावरून गावाला नाव पडावे, ही आपल्याकडची रीत. येथे मात्र दोन्ही नावांचा एकमेकांशी काडीचाही संबंध दिसत नाही. बाहेरगावचे पाहुणे हे हमखास विचारतात.

वडीलधाऱ्यांची कथा सर्वांना पाठ आहे. दक्षाच्या यज्ञात सतीने देह ठेवला, महादेव कोपले, ते कोपेश्वर. त्यांची समजूत घालणारे विष्णू ते धोपेश्वर. दोन्ही लिंगे गाभाऱ्यात आहेत. सती नंदीवर बसून माहेरी गेली, म्हणून मंदिरासमोर नंदी नाही; तो यडूरला. कथा गोड आहे. तिला धक्का लावण्याचा आमचा मुळीच हेतू नाही.

पण मंदिरावरील शके ११३६ चा शिलालेख थोडे निराळे सांगतो. देवगिरीच्या सिंघण यादवाने मिरिंजी, म्हणजे मिरज, प्रांतातील कुडलदामवाड हे गाव देवास दिल्याचा तो लेख. त्यात देवाचे नाव 'कोप्पेश्वर' असे आहे. एका जादा 'प'ने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. परंतु 'कोप्प' हा कन्नड शब्द असून त्याचा अर्थ लहान वस्ती. दान दिलेल्या गावाच्या नावातला 'कूडल' म्हणजे संगम, तोही कन्नडच. तेव्हा कोप्प गावचा ईश्वर तो कोप्पेश्वर, आणि मराठी कानांना त्यात पुढे 'कोप' ऐकू आला, असे आमचे मत आहे.

याला जोडूनच दुसरा, मोठा वाद आहे. सुमारे १०५४ साली चालुक्य पहिला सोमेश्वर व चोळ राजाधिराज यांची घनघोर लढाई कोप्पम येथे झाली. राजाधिराज हत्तीवरच मारला गेला आणि त्याचा भाऊ राजेंद्र याने रणांगणातच राज्याभिषेक करून घेतला. चोळांचे लेख कोप्पम एका मोठ्या नदीकाठी असल्याचे सांगतात. फ्लीट साहेबांनी ते खिद्रापूर ठरविले. इतर अभ्यासक कर्नाटकातील तुंगभद्रेजवळचे कोप्पळ पुढे करतात. कोप्पळकरांच्या पारड्यात नावाचे साम्य आहे. आपल्या पारड्यात कृष्णा आहे, आणि विजयानंतर राजेंद्राने कोल्लापुरास जयस्तंभ उभारला हा चोळांचाच उल्लेख. कोल्हापूर आपल्यापासून किती लांब, हे एस.टी.ने जाणाऱ्यांस सांगावयास नको! तरीही रणांगण आपलेच, असे छातीठोकपणे म्हणणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

राहता राहिले खिद्रापूर. खिद्रखान नावाच्या सरदारावरून ते पडले असे सांगतात. आमचा एक तर्क निराळा आहे. ख्वाजा खिज्र हा मुसलमानी परंपरेत पाण्याचा रखवालदार. कृष्णेचा वेढा पडलेल्या गावास त्याचे नाव मिळणे अगदीच अशक्य नाही. ज्यांच्या घरी जुनी सनद किंवा मोडी कागद असेल, त्यांनी तो अवश्य दाखवावा, ही विनंती.