दादरचा कारखाना आणि हिंदुस्तान कंपनी

पूर्व दादरमधील ज्या हमरस्त्याला आज दादासाहेब फाळके यांचे नाव आहे, तो पूर्वी दादरचा मेन रोड म्हणूनच ओळखला जात असे. या रस्त्यावर मथुरा भवन नावाचा एक बंगला होता. १९१२ साली त्या बंगल्यात एक कारखाना निघाला. त्याला धुराडे नव्हते, भोंगा नव्हता आणि मजुरांची रांगही नव्हती. घरातील माणसे, चार-दोन नट, हाताने फिरवावयाचा एक कॅमेरा आणि एक अंधारी खोली एवढाच त्याचा संसार होता. या कारखान्यातून हिंदी चित्रपटव्यवसायाचा जन्म झाला, हे आता शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. परंतु पुढे सहा वर्षांच्या आतच हा स्वतंत्र कारखाना एका मोठ्या कंपनीत विलीन झाला, आणि त्या विलीनीकरणाने त्याचे व त्याच्या धन्याचे काय झाले, ही कथा तितकीशी सांगितली जात नाही. वस्तुतः बोधाच्या दृष्टीने ती पहिल्या कथेहून उणी नव्हे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये व नंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले. छायाचित्रण, ठशांचे कोरीव काम, शिळाछाप, जादूचे प्रयोग अशा नाना विद्या त्यांनी हस्तगत केल्या होत्या. लोणावळ्यास त्यांनी काढलेला छापखाना पुढे दादरला आला आणि लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नावाने भागीदारीत चालू लागला. रंगीत छपाईची यंत्रसामग्री आणण्याकरिता ते १९०९ साली जर्मनीसही जाऊन आले. छापखान्याला नावलौकिक मिळाला, परंतु भागीदाराशी मतभेद होताच फाळक्यांनी स्वतः उभारलेले ते काम सोडून दिले. ही घटना ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढील आयुष्यात तिचीच पुनरावृत्ती व्हावयाची होती.

१९११ साली गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावरील मूकपट पाहिला. पडद्यावर येशू दिसत असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, असे त्यांनी पुढे आपल्या लेखात सांगितले आहे. त्या दिवसापासून त्यांना दुसरा विषय सुचेनासा झाला. आयुष्याच्या विम्याची पॉलिसी गहाण टाकून त्यांनी पैसा उभा केला, आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते विलायतेस निघाले. लंडनजवळ सेसिल हेपवर्थ यांच्या कारखान्यात त्यांनी चित्रपट कसा तयार होतो हे डोळ्यांनी पाहिले, विल्यमसन बनावटीचा कॅमेरा खरेदी केला, आणि १ एप्रिल रोजी ते मुंबईस परत आले. फाळके फिल्म्स कंपनीचा आरंभ तो हाच.

कंपनी म्हटली तरी ती नावाचीच होती. पैसा कोणी देईना, म्हणून फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोपाच्या वाढीची चित्रे रोज थोडीथोडी घेऊन एक लहानसा चित्रपट केला. बी फुटून वेल वर चढताना क्षणार्धात पाहिल्यावर यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्या गृहस्थांस विश्वास वाटला आणि कर्ज मिळाले. पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिनेही या यज्ञात पडले. एवढ्यावर त्या माउलीचे काम संपले नाही. त्या काळी कच्ची फिल्म कडेच्या छिद्रांवाचून येत असे, आणि ती छिद्रे अंधारात बसून यंत्राने पाडावी लागत. दिवसा सारी मंडळी जेवू घालावयाची आणि रात्री फिल्मला छिद्रे पाडावयाची, असा सरस्वतीबाईंचा नित्यक्रम होता. तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळेना, तेव्हा ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहातील अण्णा साळुंके या तरुणाला लुगडे नेसविण्यात आले. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दाबके, आणि रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र.

सहा महिने आणि सत्तावीस दिवसांच्या परिश्रमाने सुमारे ३,७०० फूट लांबीचा ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला. ३ मे १९१३ रोजी तो गिरगावात सँडहर्स्ट रस्त्यावरील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला आणि त्याने मुंबई जिंकली. त्याच वर्षी फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलविला. तेथील डोंगर, घाट आणि देवळे हीच त्यांची नेपथ्यभूमी झाली.

येथे एक प्रश्न उभा राहतो. चित्रपट लोकांस आवडत होते, मग दुसऱ्याच्या भांडवलाची गरज का भासावी? याचे उत्तर या धंद्याच्या घडणीतच आहे. चित्रपट पुरा होईपर्यंत सारा खर्च पदरचा. फिल्म, रसायने आणि यंत्रे परदेशाहून यावयाची. आणि उत्पन्न मात्र गावोगावच्या चित्रगृहांतून हळूहळू गोळा व्हावयाचे. पहिल्या चित्रपटाचा पैसा हाती येण्यापूर्वी दुसऱ्याचा खर्च सुरू झालेला असे. लौकिक असूनही कर्ज फिटू नये, अशी ही रचना होती. १९१४ साली फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा विलायतेस गेले. तेथे त्यांचे कौतुक झाले, पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले. कच्च्या मालाची टंचाई झाली, सावकारांनी हात आखडला, काम जवळजवळ थांबले. संस्थानिकांच्या साहाय्यावर दिवस ढकलावे लागले. १९१७ साली ‘लंकादहन’ निघाला तेव्हा कोठे पारडे फिरले. या चित्रपटात साळुंके हेच राम आणि तेच सीता होते. मद्रासेकडे या खेळाच्या उत्पन्नाची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, अशी आख्यायिका आहे.

यश येताच भांडवल दाराशी आले. फाळक्यांच्या कारखान्याची मर्यादित कंपनी करावी, अशी खटपट लोकमान्य टिळकांनी केली. रतनजी टाटा आणि शेठ मनमोहनदास रामजी यांची नावेही तीत होती. स्वदेशीच्या चळवळीत या नव्या उद्योगाचे मोल टिळकांच्या ध्यानी आले होते, हे यावरून दिसते. परंतु ती योजना सिद्धीस गेली नाही. अखेरीस वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट आणि इतर काही धनिक यांच्याशी फाळक्यांनी करार केला. १ जानेवारी १९१८ रोजी फाळके फिल्म्स संपली आणि हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. आपटे व्यवस्थापक भागीदार झाले आणि फाळके कार्यकारी भागीदार झाले. एकाने तिजोरी सांभाळावी व दुसऱ्याने चित्रपट करावे, अशी ही वाटणी होती.

हा करार फसवणुकीचा होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याची फळे तत्काळ दिसली. ऑगस्ट १९१८ मध्ये ‘श्रीकृष्णजन्म’ गिरगावच्या मॅजेस्टिक चित्रगृहात लागला, आणि १९१९ साली ‘कालियामर्दन’ आला. दोहोंतही फाळक्यांची लहान कन्या मंदाकिनी कृष्ण झाली होती. उसनवारीच्या चिंतेतून सुटलेला कलावंत काय करू शकतो, याचा हा पुरावा होय. चित्रांतील युक्त्या आणि जलाखालील युद्धाचा भास आजही पाहणाऱ्यास थक्क करतो.

परंतु याच यशाच्या भरात कलहाचे बीज रुजले. दोन हातांत दोन कामे दिली होती खरी. पण एका चित्रपटास किती दिवस लागावे, किती खर्च व्हावा, आणि मतभेद झाल्यास शेवटचा शब्द कोणाचा, हे प्रश्न तिजोरी आणि कला यांच्या सीमेवर उभे होते. भागीदारांची बाजूही तुच्छ लेखण्याजोगी नव्हती. त्यांनी पैसा घातला होता, आणि हिशेब मागणे हा त्यांचा हक्क होता. उलट, फाळक्यांना हिशेब देण्याची सवयच नव्हती. मथुरा भवनात कथा लिहिणारे, कॅमेरा चालविणारे, फिल्म धुणारे आणि नटास शिकविणारे ते एकटेच होते. तेथे घर आणि कारखाना यांत भिंत नव्हती; म्हणून उधळपट्टीही घरची आणि उपासमारही घरची. मोठ्या कंपनीत ही भिंत उभी राहणे अपरिहार्य होते, आणि फाळक्यांना ती तुरुंगाच्या भिंतीसारखी वाटली.

‘कालियामर्दन’नंतर वर्षभरातच ते कंपनी सोडून सहकुटुंब काशीस गेले. मागे राहिली ती यंत्रे, चित्रपट आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसे. हरिश्चंद्राच्या चित्रपटात विश्वामित्र झालेले साने दिग्दर्शन करू लागले होते; तारामती झालेले साळुंके पुढे कॅमेरा चालवू लागले. म्हणजे फाळक्यांवाचूनही फाळक्यांची विद्या कंपनीपाशी उरली होती. तरी त्यांच्या चित्रपटांची सर इतरांच्या चित्रपटांस येईना.

काशीत फाळक्यांनी ‘रंगभूमि’ नावाचे नाटक लिहिले. ते मुंबई-पुण्यास झाले, पण लोकांच्या पसंतीस उतरले नाही. इकडे ‘संदेश’कार अच्युतराव कोल्हटकर यांनी फाळक्यांनी परत यावे म्हणून आपल्या पत्रातून मागणी लावून धरली, आणि वाचकांनीही ती उचलली. शेवटी १९२२ साली फाळके हिंदुस्तान कंपनीत परतले. मात्र आता दरमहा हजार रुपये वेतन घेणारे निर्मितिप्रमुख म्हणून. जो कारखाना त्यांनी वाटाण्याच्या रोपापासून वाढविला, त्याच कारखान्यात ते पगारी झाले. वेतन त्या काळी थोडे नव्हे. पण धनी आणि नोकर यांतील अंतर वेतनाने मोजता येत नाही.

पुढेही हेच चक्र फिरत राहिले. पुन्हा मतभेद झाले आणि पुन्हा ते बाहेर पडले. मायाशंकर भट्ट यांच्या पैशावर त्यांनी डायमंड कंपनी या नावाने नवी संस्था काढली आणि ‘सेतुबंधन’ हाती घेतला. पैसा मध्येच संपला. तेव्हा साहाय्यास धावले ते आपटेच. आणि डायमंड कंपनी हिंदुस्तानमध्ये विलीन झाली. एकाच माणसाचा दुसरा स्वतंत्र प्रयत्न त्याच मोठ्या कंपनीच्या पोटात गेला. यावरून आपटे हे केवळ हिशेबनीस नव्हते, आणि फाळक्यांचे मोल ते ओळखून होते, हेही म्हटले पाहिजे.

तोवर काळ मात्र कोणासाठी थांबला नव्हता. दादरला द्वारकादास संपत यांची कोहिनूर कंपनी नावारूपास आली होती. १४ मार्च १९३१ रोजी, ज्या मॅजेस्टिकमध्ये मंदाकिनीचा बाळकृष्ण गाजला, तेथेच आर्देशिर इराणी यांचा ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट लागला. ‘सेतुबंधन’ हा मूकपट १९३२ साली पडद्यावर आला तेव्हा लोकांचे कान बोलपटाकडे लागले होते. हिंदुस्तान कंपनीही लवकरच बंद पडली. फाळक्यांनी १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनसाठी ‘गंगावतरण’ हा एकच बोलपट केला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासून दिला जाऊ लागला.

मग विलीनीकरण ही चूक होती काय? तसे म्हणता येत नाही. हिंदुस्तान कंपनी नसती तर ‘कालियामर्दन’ कदाचित निघालाच नसता, आणि कर्जाच्या ओझ्याखाली मथुरा भवनाचा वारसा १९१७ नंतर फार दिवस टिकला नसता. उणीव भांडवलात नव्हती. ती करारात होती. कोणाच्या नावे किती वाटा, हे त्यात ठरले. परंतु काम कसे चालावे, विलंब कोणी सोसावा आणि नवी कल्पना मान्य वा अमान्य करण्याचा अधिकार कोणाचा, हे चांगल्या मैत्रीवर सोडले गेले. मैत्री आटताच कराराला बोलता येईना.

आज मुंबईत लहान उद्योगांची नवी पिढी आहे. संगणकाच्या आज्ञावली रचणारे दोघे-चौघे तरुण एका खोलीत बसून एखादे उपयुक्त साधन निर्माण करतात, त्यास गिऱ्हाईक मिळते, आणि मग एखादी मोठी कंपनी त्यांस आपल्यात सामील होण्याचे निमंत्रण देते. साधने पार निराळी आहेत; परंतु सहीच्या वेळी समोर येणारे प्रश्न तेच आहेत. मिळणाऱ्या रकमेचा आकडा प्रत्येकजण दोनदा वाचतो. त्याच कागदावर, उद्या मतभेद झाल्यास शेवटचा शब्द कोणाचा आणि बाहेर पडताना आपल्याबरोबर काय नेता येईल, ही कलमेही तितक्याच बारकाईने वाचावयास हवीत. दादरच्या त्या रस्त्यावरून जाणाऱ्याने पाटीवरील नाव वाचताना ‘राजा हरिश्चंद्रा’बरोबर १ जानेवारी १९१८ या तारखेचेही स्मरण ठेवावे.