द्राक्षमद्य व्यवसाय, महाराष्ट्रातील

द्राक्षरसाच्या किण्वनाने मद्य तयार करण्याचा शेतीवर आधारलेला उद्योग. महाराष्ट्रात तो मुख्यतः नासिक, पुणे, सांगली व सोलापूर या जिल्ह्यांत वाढला. द्राक्षे पिकविणाऱ्या कुटुंबानेच मद्यशाळा चालवावी, या प्रयत्नाचे यशापयश हा त्याच्या अलीकडील इतिहासाचा महत्त्वाचा भाग होय.

पूर्वेतिहास : कौटिलीय अर्थशास्त्रात द्राक्षरसाच्या मद्यास ‘मधु’ म्हटले असून कापिशायन व हारहूरक ही त्याची प्रदेशवाचक नावे दिली आहेत. त्यांवरून त्याचा वायव्येकडील प्रदेशाशी संबंध दिसतो. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस ऑफ दि एरिथ्रियन सी या ग्रीक वृत्तांतात भडोच बंदरात इटालियन मद्य उतरत असल्याचा, तसेच पैठण व तेर येथून तेथे माल जात असल्याचा उल्लेख आहे. नेवासे येथील उत्खननात रोमन मद्यकुंभांचे अवशेष मिळाले. यावरून गोदावरीच्या खोऱ्यात हे मद्य बाहेरून आलेला माल म्हणून परिचित असावे. चौदाव्या शतकात इब्न बतूता याने दौलताबादच्या द्राक्षांची व त्यांच्या वर्षातील दोन बहरांची नोंद केली. मात्र पुढेही मराठवाड्यात द्राक्ष हे मुख्यतः खाण्याचे फळ राहिले.

आधुनिक काळ : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टॉमसन सीडलेस ही बिनबियांची जात राज्यात पसरली. तिच्यापासून सांगली जिल्ह्यात ‘तास-ए-गणेश’ व सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे ‘सोनाका’ या जाती शेतकऱ्यांनीच निवडून काढल्या. १९८० नंतरच्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगाव (जि. पुणे) येथे फ्रेंच तंत्राने फेसाळ मद्याची निर्मिती सुरू केली. नासिकजवळ सुला मद्यशाळेची स्थापना १९९९ मध्ये झाली. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून अबकारी करात सवलत दिली, विंचूर (जि. नासिक) व पलूस (जि. सांगली) येथे या उद्योगासाठी खास क्षेत्रे राखण्यात आली. त्यानंतरच्या दशकात अनेक बागाइतदार कुटुंबांनी स्वतःच्या मद्यशाळा काढल्या. निफाड तालुक्यातील कुंदेवाडी येथे पाटील कुटुंबाने आपल्या मळ्यातील द्राक्षांवर उभारलेली मद्यशाळा हे त्याचे उदाहरण होय.

लागवड व निर्मिती : मद्यासाठी शेनँ ब्लाँ, सोव्हिन्याँ ब्लाँ, काबर्ने सोव्हिन्याँ, शिराझ इ. जाती लावतात. क्षार सहन करणाऱ्या डॉगरिज खुंटावर त्यांची कलमे करतात. एप्रिलमधील खरड छाटणीने फळकाड्या तयार होतात, तर पावसाळ्यानंतरच्या फळछाटणीने घड येतात. खाण्याच्या द्राक्षांत मण्याचा आकार व सालीचा पातळपणा यांना मोल असते. मद्याच्या द्राक्षांत मणी लहान, रस गोड व पुरेसा आंबट हवा. त्यासाठी वेलीवरील घड मुद्दाम मर्यादित ठेवतात. तोडणीनंतर द्राक्षे चिरडून रसात यीस्ट मिसळतात. पांढऱ्या मद्याचे किण्वन सु. १५° ते १८° से. तापमानास, तर तांबड्याचे सालींसह त्याहून अधिक तापमानास होते.

लहान मद्यशाळेची खरी अडचण भांडवलाची असते. खाण्याची द्राक्षे विकताच पैसा हाती येतो. मद्य मात्र टाक्यांत व पिंपांत मुरत ठेवावे लागते, आणि त्या काळात शीतकरणाचा व कर्जाचा बोजा चालूच राहतो. २००८ मधील जागतिक मंदी व त्याच वर्षीचा मुंबईवरील दहशतवादी हल्ला यांमुळे हॉटेलांची मागणी घटली. मद्याचे साठे पडून राहिले आणि नासिक भागात अनेकांनी मद्याच्या जातींच्या बागा उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. वेल फळाला येण्यास दोनतीन वर्षे लागत असल्याने हे नुकसान एका हंगामापुरते नव्हते. मोठ्या दुकानांतून द्राक्षमद्य विकू देण्याचा शासनाने जानेवारी २०२२ मध्ये घेतलेला निर्णय विरोधामुळे अंमलात आला नाही.

परभणी जिल्हा : जिल्हा गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या खोऱ्यांत आहे. परभणी येथे १९५६ मध्ये कृषी महाविद्यालय व १९७२ मध्ये मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ मध्ये विद्यापीठास वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. जायकवाडी व पूर्णा प्रकल्पांचे पाणी मिळूनही कापूस, ज्वारी, सोयाबीन व तूर हीच येथील प्रमुख पिके राहिली. येथील भारी काळ्या जमिनीत पाण्याचा निचरा सावकाश होतो व द्राक्षाची मुळे गुदमरतात. चुनखडीच्या जमिनीत लोहाच्या अभावी पाने पिवळी पडतात. नासिकची उंची सु. ६०० मी., तर परभणीची सु. ४०० मी. आहे. फळ पिकताना रात्री उष्ण असल्यास रसातील आम्ल लवकर घटते व मद्याची चव बिघडते. निचऱ्याची माळजमीन, योग्य खुंट व ठिबक सिंचन यांनी जमिनीचे दोष काही अंशी टाळता येतात. मात्र मद्यशाळा व बाजारपेठ दूर असल्याने मद्याच्या जाती लावणाऱ्या कुटुंबास विक्रीची हमी आधी मिळवावी लागते.