तीन नंबरची तार

1993 सालचा जुलै. पुण्याची रातराणी तुम्हाला पहाटे कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर सोडते. पाऊस असा लागलाय की समोरचं काही दिसत नाही. रिक्षावाला राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फुटांवर आलं ते आधी सांगतो, भाडं मग. शाहूपुरीतल्या गुळाच्या पेढ्या या दिवसांत शांत असतात, पण तुम्ही जाताय त्या बँकेत आज गर्दी होणार. आज तुम्ही पुण्याहून आलेले ‘कॉम्प्युटरचे साहेब’ आहात. पिशवीत मल्टीमीटर, सोल्डरिंगची आयर्न आणि पेचकस. खिशात फोन नाही. अडलं तर कोपऱ्यावरचं एसटीडी बूथ, पण पलीकडचा माणूस जागेवर असेलच असं नाही.

इमारत जुनी, काळ्या दगडाची. आतल्या खोलीत एकच मोठा संगणक, त्यावर युनिक्स चालतं. त्याच्या पाठीमागे आठ पोर्टांचा डबा. डब्यातून निघालेल्या जाड राखाडी केबली काउंटरांवर जातात, आणि तिथे हिरव्या अक्षरांचे टर्मिनल. टर्मिनलला स्वतःची अक्कल नाही. दाबलेलं अक्षर तो तारेवर सोडतो, तारेवरून आलेलं पडद्यावर दाखवतो. एवढंच त्याचं काम.

“सायेब, काल दुपारधरनं गप्पच हाय बघा,” काउंटरवरचे कारकून अण्णा सांगतात. त्यांच्या पुढ्यात पासबुकं साचलीत आणि कपाटातून लेजरचे जाडजूड गठ्ठे पुन्हा टेबलावर आलेत. “कायबी दाबा, उमटत न्हाई. पडदा तेवढा पेटतोय.”

आता लगेच पेचकस काढू नका. आधी कंट्रोल धरून क्यू दाबा. चुकून कंट्रोल-एस दाबलं गेलं की संगणक अक्षरं पाठवायचं थांबवतो, आणि माणसाला वाटतं मशीन मेलं. अशा कॉलवर रातराणीचं तिकीट वाया गेल्याची उदाहरणं या धंद्यात कमी नाहीत. इथे मात्र काही होत नाही. मग सेटअप उघडून बघा: वेग 9600, आठ बिटं, पॅरिटी नाही. शेजारच्या काउंटरवर हेच आहे. आकडे जुळतात. तसंही वेग चुकला असता तर पडद्यावर कचरा उमटला असता. इथे शुकशुकाट आहे, आणि या दोन लक्षणांतला फरकच तुम्हाला अर्धा रस्ता पुढे नेतो.

शेजारच्या मॅडमना विनंती करून त्यांचा टर्मिनल अण्णांच्या केबलला लावा. तोही गप्प. अण्णांचा टर्मिनल त्यांच्या केबलला लावा. लॉगिन येतं. म्हणजे टर्मिनल निर्दोष. “मग बिघाड कुठं?” अण्णा विचारतात. केबलमध्ये, नाहीतर डब्यात. दोनच जागा उरल्या.

मला या जोडणीबद्दल मनापासून आदर आहे, तो इथेच. आरएस-232 हे मानक 1960 चं, टेलिप्रिंटर आणि मोडेमसाठी केलेलं. पंचवीस पिनांचा तो कनेक्टर बघून नवखा माणूस घाबरतो, पण साध्या टर्मिनलला त्यातल्या तीन पुरतात: दोन नंबरवरून पाठवायचं, तीन नंबरवर घ्यायचं, सात नंबर दोघांची सामाईक जमीन. टर्मिनल आणि संगणक दोघंही दोनवरूनच बोलतात, म्हणून केबलमध्ये दोन आणि तीन उलटसुलट जोडावे लागतात. आणि गंमत बघा, बोलणारा गप्प असतानाही तारेवर व्होल्टेज असतं. शून्य किंवा एक, प्रत्येक बिटाला तीनपासून पंधरा व्होल्टांपर्यंतचा दाब लागतो, एकाला उणे, शून्याला अधिक. विश्रांतीत तार उणे बाजूला थांबते. म्हणून एकेका तारेला वेगळं विचारता येतं: पलीकडे कुणी जागं आहे का?

विचारा. मल्टीमीटरचं काळं टोक सातवर, लाल तीनवर. काउंटरच्या टोकाला आकडा शून्याच्या आसपास डगमगतो. आता आत जा, डब्याच्या पोर्टावर दोन आणि सात यांच्यामध्ये मोजा. उणे अकरा. डबा बोलतोय, काउंटरपर्यंत पोचत नाही. पावसाळ्यात विजा कडाडल्यावर डब्यातली लाइन ड्रायव्हरची चिप हमखास जळते, म्हणून सुटे 1488 आणि 1489 तुम्ही बरोबर आणलेत. त्यांची गरज लागणार नाही.

केबल दोन्हीकडून सोडवा. मीटर एकच आणि टोकं वीस-एक मीटर लांब, तेव्हा संगणकाच्या टोकाला दोन तारा एकमेकींना टेकवा आणि काउंटरला येऊन बझर ऐका. एक जोडी वाजते. काउंटरच्या तीन नंबरला जाणारी तार धरली की बझर मुका. मानकाने पन्नास फुटांची मर्यादा सांगितली होती, ही केबल त्याहून लांब आहे. पण 9600 वर एवढं चालून जातं, दोष लांबीचा नाही.

“ही केबल जाते कुठून?” शिपाईमामा छत्री घेऊन तुम्हाला मागच्या बोळात नेतात. दगडी भिंतीला भोक पाडायला कुणी धजावलं नाही, म्हणून केबल खिडकीतून बाहेर काढून पुढच्या खिडकीतून आत घेतलीय. कमी पडली तिथे जोड मारलाय, तारा नुसत्या पिळून वर काळी टेप. टेप सोला. पागोळीचं पाणी आत साचलंय, तांब्यावर हिरवी कीट चढलीय, आणि त्यातली एक तार बोट लावताच तुटून हातात येते.

खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड घ्या. मामा छत्री धरतील. तांबं लख्ख खरवडा, पिळा, आणि प्रत्येक तारेला डाग द्या, तुटलेल्या एकटीलाच नको. बाकीच्या जोडांतही तेच पाणी आहे. आज त्यांना वगळलं तर दसऱ्यानंतर गुळाचा हंगाम ऐन भरात असताना दुसरी तार जाईल आणि तुम्ही पुन्हा याच बोळात असाल. प्रत्येक तारेवर स्वतंत्र स्लीव्ह चढवा, आणि सगळा जोड खिडकीच्या आत घ्या. केबलला बाहेर थोडा झोल द्या, म्हणजे पाणी तिच्यावरून आत न येता झोलाच्या तळाशी ठिबकेल.

काउंटरवर तीन आणि सातमध्ये आता उणे साडेदहा. टर्मिनल लावा, एंटर दाबा. लॉगिन. अण्णा चष्मा सारखा करून पहिलं पासबुक ओढतात.

दारात व्यवस्थापक थांबवतात. त्यांच्या ओळखीच्या साखर कारखान्याला गळीत सुरू व्हायच्या आत उसाचा वजनकाटा संगणकाला जोडायचाय. काट्याच्या डिस्प्लेमागे पंचवीस पिनांचा कनेक्टर आहे, पण काटा यार्डात आणि कॉम्प्युटर ऑफिसात. “अंतर किती?” तुम्ही विचारता. “असंल की शंभरेक मीटर.” तुम्ही मान हलवता. एवढ्या लांब ही तार चालायची नाही. दोन्ही टोकांना लाइन ड्रायव्हर लागतील, केबल पाइपातून न्यावी लागेल, आणि वाटेत जोड एकही नको. वहीत लिहून घ्या. संध्याकाळच्या गाडीला अजून वेळ आहे. कारखान्याची जीप येतेय म्हणतात.