मिठाचे आठ पैलू

मिठागरात ऊन चढले आणि वारा पडला, की साचलेल्या खाऱ्या पाण्यावर कधीकधी पांढरे ठिपके तरंगताना दिसतात. त्यातला एक अलगद बोटावर घेऊन पाहावा. तो चौकोनी नरसाळ्यासारखा असतो, आतून पोकळ आणि पायऱ्यापायऱ्यांनी निमुळता होत गेलेला. मूळ दाणा म्हणजे एक इवलासा ठोकळा. पाण्याच्या पृष्ठताणावर तो तोलला जातो, वजन वाढेल तसा किंचित दबतो आणि नवे मीठ पाण्याच्या रेषेपाशी त्याच्या चार कडांवर बसते. एका चौकटीवर दुसरी, तिच्यावर आणखी मोठी. अखेर भार पेलत नाही आणि नरसाळे बुडते.

म्हणजे ठोकळा असो वा नरसाळे, मिठाचा हिशेब चौकोनाचाच. पण हा हिशेब बदलता येतो, अशी नोंद १७८३ मध्ये पॅरिसला झाली, आणि तीही लघवीमुळे.

नोंद करणारा रोमे द लिल. फ्रेंच तोफखान्याच्या तुकडीचा चिटणीस म्हणून तो हिंदुस्थानात आला होता. जानेवारी १७६१ मध्ये, पानिपत झाले त्याच आठवड्यात, पुदुचेरी इंग्रजांच्या हाती पडली आणि तो कैदी झाला. मायदेशी परतल्यावर त्याने श्रीमंतांच्या खनिजसंग्रहांच्या याद्या करण्याचे काम धरले. हजारो स्फटिक हाताखालून गेले. कारांजो या साहाय्यकाने बनवलेल्या कोनमापकाने मापे घेताना त्याला एक नियम गवसला : एकाच पदार्थाच्या स्फटिकांत पैलू लहानमोठे होतील, पण सारख्या पैलूंमधला कोन बदलत नाही. अशा शिस्तीच्या माणसाने लिहून ठेवले, की लघवी मिसळलेल्या पाण्यातून मीठ घनाकृती न होता अष्टफलक होऊन बाहेर पडते.

घनाला आठ कोपरे असतात. प्रत्येक कोपरा छाटला की तिथे त्रिकोण उमटतो. त्रिकोण वाढत गेले की सहा चौकोन आकसून बिंदूएवढे होतात आणि आठ पैलूंचा स्फटिक उरतो. कोनांचा नियम कुठेही मोडत नाही. मग कोपरे छाटते कोण?

उत्तराची किल्ली १८८५ मध्ये पिएर क्यूरीच्या एका निबंधात मिळाली. रेडियमचा शोध अजून तेरा वर्षे दूर होता. क्यूरी २६ वर्षांचा होता आणि स्फटिकांतच रमलेला. पदार्थाच्या आतल्या कणाला चहूबाजूंनी शेजारी असतात, पृष्ठावरच्या कणाची एक बाजू उघडी पडते. या उघडेपणाची किंमत म्हणजे पृष्ठऊर्जा. स्फटिकात ती प्रत्येक पैलूला वेगळी, आणि एकूण खर्च कमीत कमी होईल असा आकार तो घेऊ पाहतो. १९०१ मध्ये वुल्फ या स्फटिकशास्त्रज्ञाने त्याला भूमितीचे रूप दिले : पैलूची ऊर्जा जितकी अधिक, तितका तो केंद्रापासून लांब. मोठ्या स्फटिकांत मात्र वाढीचा वेग निर्णायक ठरतो, आणि तिथे न्याय उलटा वाटतो. भराभर वाढणारा पैलू आक्रसत नाहीसा होतो. सावकाश वाढणारा टिकून राहतो.

मिठाच्या चौकोनी पैलूवर सोडियम आणि क्लोरीनचे आयन बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक बसतात, भार फिटून जातो. त्रिकोणी पैलूवर सगळे एकाच भाराचे. म्हणून तो फार महाग, एरवी उमटतच नाही. लघवीतल्या युरियाचे रेणू नेमके तिथे चिकटतात, त्याला स्वस्त करतात आणि त्याची वाढ रोखतात. रोमेने पाहिलेले आठ पैलू असे टिकले.

आज हीच युक्ती मीठ कारखान्यांत चालते, फक्त पदार्थ वेगळा. दशलक्षात काही भाग इतके फेरोसायनाइड घातले की दाण्यांच्या कोपऱ्यांतून फांद्या फुटतात. असे काटेरी दाणे दमट हवेतही सहसा गठ्ठा होऊन बसत नाहीत.