रिकिबीतले पाय

1902 साली व्हिएन्नाचे डॉक्टर आडोल्फ लोरेन्त्स शिकागोला गेले. तिथल्या मांसव्यापारातले धनाढ्य आर्मर यांची लहानगी लोलिता जन्मापासून खुबा निखळलेली. लोरेन्त्सना शस्त्रक्रियेतलं कार्बोलिक ॲसिड सोसत नसे, हाताची त्वचा खराब व्हायची. म्हणून सुरी बाजूला ठेवून नुसत्या हातांनी सांधा बसवण्यात त्यांनी नाव काढलं होतं. गोळा उखळीत बसवायचा, पाय बेडकासारखे फाकवायचे आणि महिनोन्‌महिने प्लास्टर.

पण जोर लावून फाकवलेल्या पायात मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटायचा. सांधा जागेवर बसलेला, आणि आतला गोळाच मरतोय!

चेक डॉक्टर आर्नोल्ड पाव्हलिक यांनी उलटा विचार केला. तान्ह्या बाळाचा पाय जखडायचाच कशाला? खांद्यावरून पट्टे घ्यायचे, पावलं रिकिबीत. हो, घोडेस्वाराची असते तीच. त्यांनीही तोच शब्द वापरला. मांड्या पोटाकडे दुमडलेल्या, पाय पूर्ण सरळ करता येत नाहीत, बाकी लाथा झाडायला मोकळीक. पाय स्वतःच्या वजनाने हळूहळू बाहेर कलतात, आखडलेले स्नायू सैलावतात आणि हालचालीतूनच गोळा उखळीत सरकतो. (आपल्याकडे कडेवर घेतलेलं बाळ बघा, पाय जवळपास तसेच असतात.) 1957 साली त्यांचा जर्मन निबंध आला, पुढे हा पट्टा जगभर गेला.

आता गंमत बघा. सगळा भरवसा हालचालीवर, आणि तपासत होतो काय? आधी एक्स-रे, 1980 पासून ऑस्ट्रियाच्या राइनहार्ड ग्राफ यांची सोनोग्राफी. म्हणजे गोळा कुठे आहे, एवढंच. बाळ दिवसभर पाय किती हलवतं, ते आईला विचारायचं. आणि हा प्रश्न साधा नाही. पट्टा जास्त आवळून मांडी फार दुमडली, तर मांडीच्या पुढची नस दबते; बाळ गुडघा सरळ करून लाथ मारायचं थांबतं. दोन तपासण्यांच्या मधे हे झालं, तर आई म्हणते, "हल्ली शांत असतो हो."

म्हणून अलीकडे संशोधक बाळाच्या घोट्याला छोटा सेन्सर बांधतात. मोबाइल आडवा केला की पडदा फिरतो ना, त्यामागचाच ॲक्सेलरोमीटर. तो तासन्‌तास नोंद ठेवतो. अडचण एकच: आईने बाळाला उचललं, पाळण्याला झोका दिला, तरी सेन्सर हलतोच. त्यातून बाळाची स्वतःची लाथ वेगळी काढायची, हे अजून कष्टाचंच काम आहे.